अकरा दिवस छान

टोस्ट जळत होता, आणि श्रीरंग बेहेरे त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून शांतपणे पेपर वाचत होते. पेपरच्या वरच्या कडेवरून काहीतरी करडं तरंगत आलं तेव्हा त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. सुनेत्रा जिन्यावरून धावत आली, तिने टोस्टरची वायर उपटली, टॉवेल गरगरा फिरवून धूर खिडकीबाहेर हाकलला आणि म्हणाली, "अहो, तुमच्या नाकासमोर जळतोय की! लक्ष कुठंय?" वाक्य साधं होतं. बावीस वर्षांच्या संसारात अशी वाक्यं रोज डझनाने होतात आणि केराबरोबर जातात. पण श्रीरंगराव त्यातल्या 'नाकासमोर' या शब्दाशी अडकले. ते म्हणाले, "बातमी वाचत होतो." कुठली बातमी ते तिने विचारलं नाही, हे नशीब. पानावर गालिच्यांच्या सेलची जाहिरात होती.

श्रीरंगरावांचं नाक हे त्या घरातलं कर्तं माणूस होतं. त्या नाकानेच त्यांना एकोणीस वर्षांपूर्वी कऱ्हाडहून न्यू जर्सीत आणलं, वेस्ट विंडसरला घर घेऊन दिलं आणि पुढे मराठी मंडळात मान मिळवून दिला. ते स्वाद बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट होते. अमेरिकेतल्या मुलांनी जन्मात न पाहिलेली फळं ते बाटलीत तयार करत. देवाचा आंबा वर्षातून दोन महिने येतो. श्रीरंगरावांचा बारा महिने येई आणि त्याला कोय नसे. त्यांच्या प्रयोगशाळेत चारशे छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि डोळे मिटून कुठलंही बूच उघडलं तरी ते नंबर सांगत. गेल्या बुधवारच्या आदल्या बुधवारी, सर्दी उतरल्यावर, त्यांनी नेहमीप्रमाणे पहिलं बूच उघडलं. काही नव्हतं. दुसरं उघडलं. दहावं उघडलं. चाळिसाव्या बाटलीनंतर त्यांनी सगळी बुचं नीट लावून टाकली आणि दिवसभर कागदपत्रं पाहिली. चौथ्या दिवशी ते तीस मैलांवरच्या एका डॉक्टरकडे गेले, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. डॉक्टरांनी नाकात दिवा घातला आणि सांगितलं, सर्दीने आतली नस गेलीय. सहा महिन्यांत येईल, किंवा येणार नाही. "तुम्ही काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं. "इन्शुरन्स," श्रीरंगराव म्हणाले. "मग काही बिघडत नाही," असं म्हणून डॉक्टरांनी पाठ थोपटली.

आज अकरावा दिवस होता. शनिवार. परवा सोमवारी सकाळी दहाला दही बनवणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर अर्कात बुडवलेल्या कागदाच्या सहा पट्ट्या मांडल्या जाणार होत्या, आणि त्यांतला खरा आंबा कुठला ते श्रीरंगराव सांगणार होते. ते सांगतील तो आंबा. गेले दहा दिवस त्यांनी निभावलं होतं, कारण नाकाचं काम त्यांनी डोळ्यांकडे सोपवलं होतं. लेबलं आधी चोरून बघायची. दुसऱ्याच्या नाकपुड्या बघायच्या. माणूस चांगला वास घेतो तेव्हा भुवया वर जातात आणि खांदे खाली येतात. वाईट घेतो तेव्हा वरचा ओठ डावीकडे किंचित मुडपतो. हे शास्त्र त्यांनी या दहा दिवसांत स्वतः रचलं होतं आणि त्याचं मुख्य पाठ्यपुस्तक सुनेत्रा होती. घरात ते तिच्या चेहऱ्यावरून आमटीची चव घेत. शिवाय दिवसातून दोनदा आंघोळ करत, कारण आपल्या अंगाला घामाचा वास येतोय की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. गॅसची बटणं तपासत. फ्रीजमधलं दूध नाकाशी नेत आणि तसंच परत ठेवत. दूध पांढरं होतं, एवढंच त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येत होतं.

या अशा अवस्थेत वाइन चाखायला जाणं म्हणजे बहिऱ्याने गाण्याच्या बैठकीला पहिल्या रांगेत बसण्यासारखं होतं. पण बेत महिन्यापूर्वीचा होता आणि बेत उल्हास कारखानीसचा होता, म्हणजे मोडणं अशक्य. उल्हास टेलिफोन कंपनीत होता आणि यंदा त्याने वाइनवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्याआधी याच वर्षी त्याने दुर्बीण आणली होती, धूमकेतूसाठी. धूमकेतू ढगांत गेला आणि दुर्बीण गराजमध्ये. "बेहेरे, इटलीला जायची गरज नाही यार," तो फोनवर म्हणाला होता. "दोनशेसहा नंबरच्या रस्त्याने सरळ खाली जायचं. सव्वा तासात इटली. म्हातारा स्वतः द्राक्षं लावतो, स्वतः वाइन करतो, ऑलिव्ह ऑइल त्याच्या गावाहून येतं. मी त्याला सांगून ठेवलंय, माझ्या दोस्ताचं नाक म्हणजे नाक नाही, मशीन आहे."

गाडी श्रीरंगराव चालवत होते. शेजारी उल्हास, मागे सुनेत्रा, उल्हासची बायको लता आणि खिडकीला टेकून, कानांत वॉकमन घालून, बेहेऱ्यांची सोळा वर्षांची मुलगी रुपाली, जी या सहलीला आलेली नव्हती, फक्त तिचं शरीर आणलेलं होतं. सुनेत्राच्या मांडीवर बटाटेवड्यांचा डबा होता. ट्रेंटन मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची बुटकी झाडं सुरू झाली. उल्हासने काच खाली केली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आहाहा!" श्रीरंगरावांनीही घेतला. गार हवा आत गेली आणि गारच बाहेर आली. एवढ्यात लता म्हणाली, "सुनेत्रा, काय सुरेख वास येतोय गं!" श्रीरंगरावांनी लगेच मान वर केली. आरशात त्यांना सुनेत्राचा चेहरा दिसला. ती लाजली होती आणि आरशातून त्यांच्याकडेच बघत होती, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी. ते घाईघाईने म्हणाले, "हो, येणारच. सकाळी सहापासून तळतेय." मग उल्हास आणि लता खो खो हसले. "भावजी, कमाल आहे तुमची!" लता म्हणाली. "मी तिला इतकं महागाचं सेंट दिलं, चार वर्षं कपाटात होतं, आज कुठे लावलंय बिचारीने, आणि तुम्ही म्हणता वडे!" सुनेत्रा हसली नाही. आरशात ती खिडकीकडे वळलेली दिसली. घरात सेंट लावायचं नाही, हा श्रीरंगरावांचा नियम होता; लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातला. माझ्या कामावर परिणाम होतो, म्हणाले होते. तिने तो पाळला होता. आणि आज मोडला होता. का मोडला असेल, याचा विचार करत करत त्यांनी दोन सिग्नल ओलांडले.

उत्तर त्यांना माहीत होतं, फक्त त्याच्याकडे बघायचं नव्हतं. बावीस वर्षं ते जेवायला बसले की सुनेत्रा ओट्याशी पाठ करून उभी राहत असे आणि पहिल्या घासाची वाट बघत असे. "हिंग जुना झालाय." "फोडणीत मोहरी दोन सेकंद जास्त राहिली." "हे तूप लोणी शिळं असताना कढवलंय." यातलं काहीही खोटं नसे, हीच पंचाईत होती. एका सत्यनारायणाला त्यांनी यजमानांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं की प्रसादाचं तूप खवट आहे; ते घर पुढे तुटलं. आणि गेल्या बुधवारच्या आदल्या बुधवारी, संध्याकाळी, आपलं गुपित फुटू नये म्हणून, तिने केलेल्या भरल्या वांग्यांचा घास घेऊन ते म्हणाले, "छान झालीत." सुनेत्रा वळली होती. तिच्या हातात चिमटा होता आणि चेहऱ्यावर एखाद्याने हाक मारलीय पण कोणी ते दिसत नाही असा भाव. दुसऱ्या दिवशी छान. तिसऱ्या दिवशी छान. पाचव्या दिवसापासून ती ओट्याशी गुणगुणायला लागली. सातव्या दिवशी ती पानावर त्यांच्याबरोबरच बसली, पाठ करून उभी राहिली नाही. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. पाहणं हेच तर आता त्यांचं काम होतं. आणि त्यांना भीती वाटली होती, की गुपित फुटलं तर नोकरी जाईल ती जाईलच, पण हेही जाईल.

म्हाताऱ्याचं नाव साल्वातोरे. गिड्डा, रुंद, हाताच्या पंजात फावडं वितळून गेल्यासारखी बोटं. त्याचं इंग्रजी इटालियन होतं आणि आपल्या लोकांचं मराठी, त्यामुळे दोन्ही पक्षांना एकमेकांचं उत्तम कळत होतं. त्याने आधी बाग दाखवली. द्राक्षं उतरवून झाली होती, वेली थकून तारांवर पडल्या होत्या. शेडच्या दक्षिणेला अंजिराचं एक झाड होतं. ते दाखवून तो म्हणाला की पुढच्या महिन्यात याला आडवं वाकवून खड्ड्यात पुरणार. "जिवंत झाड?" सुनेत्राने विचारलं. "जिवंत. इथली थंडी त्याला सोसत नाही. वरून पानं, फळ्या, माती. मार्चमध्ये उकरायचं." "आणि मग?" "मग बघायचं," म्हातारा म्हणाला. "कधी उठतं, कधी नाही उठत." श्रीरंगराव झाडाकडे बघत राहिले. रुपालीला म्हाताऱ्याचा कुत्रा सापडला आणि ती पहिल्यांदा स्वतः सहलीला आली. ती त्याच्याबरोबर बागेत गेली.

शेडमध्ये लांब टेबल, त्यावर छोटे पेले, आणि टेबलाखाली एक बादली. उल्हासने पुस्तकी ज्ञान दिलं: चाखायची, तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. "अगंबाई, कार्यालयात चूळ भरायला ठेवतात तशी?" लता म्हणाली. तिने स्वतःसाठी द्राक्षाचा रस मागून घेतला आणि तोही संशयाने प्यायली. उल्हास पेला गोल गोल फिरवून नाक आत खुपसत होता आणि "चेरी... ओक... बेहेरे, ओक आहे ना?" असं पिंपाच्या लाकडाबद्दल विचारत होता. ओक म्हटल्यावर त्या आडनावाचा कुणी गृहस्थ आत बसलाय की काय अशा नजरेने लता पेल्यात बघत होती. "आहे," श्रीरंगराव म्हणाले. त्यांच्या जिभेवर आंबट होतं, थोडं कडू होतं, आणि गाल आत ओढले जात होते. त्यापुढे भिंत होती. भिंतीच्या पलीकडे काय असायला हवं ते त्यांना पाठ होतं, नावानिशी, नंबरानिशी. ही सगळ्यांत वाईट गोष्ट होती. वास गेला होता आणि नावं राहिली होती, जसं एखाद्या चाळीतली माणसं निघून जावीत आणि दारांवर पाट्या तेवढ्या उराव्यात.

मग म्हाताऱ्याने हात धुतले, पुसले, आणि फडताळातून एक डबा काढला. चौकोनी, पत्र्याचा, त्यावर एका बाईचं चित्र. चित्र झिजून बाईचा अर्धा चेहरा गेला होता. "माझ्या भावाचं तेल," तो म्हणाला. "त्याच्या झाडांचं. हा शेवटचा डबा." त्याने पाच बश्यांत मोजके थेंब सोडले आणि पाव कापला. लता हळूच मराठीत म्हणाली, "आमच्याकडे हे औषधाच्या दुकानात मिळायचं. बाळाला चोळायला. खायचं कसं?" त्यासरशी श्रीरंगरावांना रुपाली आठवली, दोन महिन्यांची, न्यूअर्कच्या दोन खोल्यांत वर्तमानपत्रावर ठेवलेली. सुनेत्राच्या आईने पत्रातून कळवलं होतं म्हणून सुनेत्रा ऑलिव्ह तेलाने तिला चोळायची. ते संध्याकाळी कामावरून येत, प्रयोगशाळेतले चारशे वास अंगावर घेऊन, आणि कोट न काढता तिच्या टाळूला नाक लावत. तेव्हा सगळे चारशे एकदम गप्प होत. तो वास. त्यांनी डोळे मिटले आणि टाळू आठवली, तिचं उडणं आठवलं, कोटाची बाही आठवली. आणि जिथे वास हवा होता तिथे एक लेबल होतं: ऑलिव्ह, दूध, ताजं.

"नाकवाले साहेब," उल्हास म्हणाला, "तुम्ही शेवटी बोलायचं. आधी आम्ही अडाणी." श्रीरंगरावांनी मनात त्याचे आभार मानले आणि डोळे उघडून कामाला लावले. उल्हासने पाव बुडवला, चावला, डोळे मिटून मान डोलावली. पण उल्हास मान सगळ्यालाच डोलावतो. तो पुरावा नव्हता. लता हसून "हं!" म्हणाली. श्रीरंगराव सुनेत्राकडे बघत होते. तिने तुकडा तोंडात घातला. भुवया वर गेल्या, खाली आल्या. ओठ मुडपला नाही. ती म्हाताऱ्याकडे बघून हसली, आणि मग तिने दुसरा तुकडा घेतला. दुसरा! त्यावर आणखी पुराव्याची गरजच नव्हती. परक्याच्या घरी पानात पडेल ते हसून खावं, नावं ठेवू नयेत, आणि यजमानाला बरं वाटावं म्हणून पुन्हा थोडं मागून घ्यावं, ही सुनेत्राच्या आईची शिकवण होती, आणि लताच्या आईची, आणि आपल्याकडच्या बहुतेक आयांची. श्रीरंगरावांच्या आईचीसुद्धा असणार. पण जो शिष्टाचार त्यांनी स्वतः जन्मात कधी पाळला नव्हता, तो बाकीचे लोक पाळत असतील, ही गोष्ट त्यांच्या नव्या शास्त्रात आलीच नव्हती.

त्यांनी पाव बुडवला. जिभेवर तेलकट काहीतरी पसरलं. ते बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर थांबवेना. अकरा दिवसांचा उपाशी माणूस पाट्या वाचत सुटला. "ताजं आहे. फार ताजं. आधी कापलेलं गवत. मग टोमॅटोचं पान, फळ नव्हे, पान. आणि शेवटी, अगदी शेवटी, ओला बदाम. हिरव्या सालीचा." उल्हासने टाळी वाजवली. म्हाताऱ्याने टेबलाची कड धरली. "बदाम," तो म्हणाला. "घाण्याच्या दारात बदामाचं एकच झाड होतं. आम्ही दोघं त्याच्यावर चढायचो. तुम्हाला कसं कळलं?" त्याचे डोळे भरून आले होते. श्रीरंगरावांनी सुनेत्राकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि हा चेहरा त्यांच्या पाठ्यपुस्तकात नव्हता.

एवढ्यात कुत्रा आत आला, त्याच्यामागे रुपाली. "आय ॲम स्टार्विंग," म्हणत तिने एक तुकडा उचलला, कुणाच्या तरी बशीत दाबून बुडवला आणि तोंडात टाकला. दुसऱ्या क्षणाला ती बादलीवर वाकली. "ईऊ! इट टेस्ट्स लाइक क्रेयॉन्स!"

"रुपाली!" सुनेत्रा म्हणाली.

"व्हॉट? इट्स रॉटन, मॉम! डॅड, टेल देम!" मग तिने बापाच्या हातातला अर्धा पाव पाहिला. "यू एट दॅट?"

लता अपराधी चेहऱ्याने मराठीत पुटपुटली, "मला वाटलंच खवट आहे. पण म्हटलं, इटालियन लोकांचं असंच असेल." उल्हास घसा खाकरत पुस्तकाची पानं उलटायला लागला. म्हातारा मात्र चिडला नाही. त्याने डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. तेल त्याच्या आधीचं. चांगलं तेल तिकडे आहे, दुकानातलं, तुम्हाला देतो. हे मी सगळ्यांना देतो. सगळे छान म्हणतात. मला ऐकायला बरं वाटतं." मग तो श्रीरंगरावांकडे वळला. "पण बदाम कुणी म्हणालं नव्हतं."

परतीच्या वाटेवर रुपालीच्या कानांत पुन्हा वॉकमन होता आणि पाइनची झाडं संध्याकाळी काळी पडत चालली होती. उल्हासने पाच मैल गप्प राहून विक्रम केला आणि मग तो भरून आल्यासारखा म्हणाला, "बेहेरे, मानलं तुला. म्हाताऱ्याचं मन राखलंस. एवढा एक्सपर्ट माणूस, तोंडावर सांगू शकला असतास." "खरंच भावजी," लता म्हणाली, "तुम्ही बदललात हो. तो सत्यनारायण आठवतोय ना?" मागून सुनेत्राचा आवाज आला, सपाट, इस्त्री केल्यासारखा. "हो. बदललेत. गेल्या बुधवारच्या आदल्या बुधवारपासून."

उल्हास आणि लताला त्यांच्या दारात सोडल्यावर सुनेत्रा उतरून पुढे येऊन बसली. घर आलं. रुपाली किल्ली घेऊन आत गेली, खालचा दिवा लागला, वरचा लागला. ही दोघं ड्राइव्हवेमध्ये, बंद गाडीत, सीट बेल्ट न सोडता बसून राहिली. रिकामा डबा तिच्या मांडीवर होता.

"ऑफिसात माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही. सोमवारी दहाला आंबा आहे."

"डॉक्टर?"

"सहा महिन्यांत येईल म्हणाला. किंवा नाही."

ती डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. मग तिने हाताची बोटं एकेक दुमडत मोजायला सुरुवात केली, आणि श्रीरंगरावांना कळलं की ती दिवस मोजत नाहीये. "कोबी," ती म्हणाली. "बिरडं. शुक्रवारी आमटी खाली लागली होती, तुम्ही दोनदा घेतलीत. मला वाटलं..." तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग तिने मनगट पुढे केलं. त्यांच्या नाकाखाली, औषधाचा चमचा धरावा तसं. "हे कसलं आहे सांगा."

त्यांनी मनगटाला नाक लावलं. ओढता येईल तेवढा श्वास ओढला. कातडी गरम होती, बांगडी गार होती, आतली नाडी नाकाच्या शेंड्यावर ठकठक करत होती. सांगता आलं असतं. लता देणार म्हणजे फुलाचंच देणार. मोगरा म्हटलं असतं किंवा गुलाब, दोनांतलं एक लागलं असतं, आणि रविवार तरी निघाला असता. "नाही येत गं," ते म्हणाले. "काहीच येत नाही." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं, आणि ते गाडीत फार मोठं ऐकू आलं.

सुनेत्राने मनगट काढून घेतलं नाही.

"सोमवारी ऑफिसात हेच सांगा. अस्संच," ती म्हणाली. मग, त्यांच्याकडे न बघता, तिने पुढचं सांगितलं. "आणि एक ऐकून ठेवा. त्या बुधवारची वांगी छानच झाली होती. मला येतो वास."